कढई ज्याच्या घरी, ठेका त्याचा

मी कढई बोलतेय. जरा मोठ्याने बोलते, कारण बिडाचा आवाज मुळात जाड असतो, आणि तोंडाने मोठी आहे हे तर तुम्हाला दिसतंच आहे. सरकारी कागदात माझी नोंद 'बिडाचे भांडे, काळे, नग एक, पुरावा' अशी आहे. आमच्या फरगाना खोऱ्यात कढया घरोघरी सापडतील, पण पुरावा होण्याचं भाग्य माझ्याच वाट्याला आलं. शेजारपाजारच्या कढया माझ्यावर जळतात असं मला वाटतं. त्या तसं बोलून दाखवत नाहीत एवढंच.

माझा जन्म ट्रॅक्टरचे सुटे भाग ओतणाऱ्या कारखान्यात झाला. तेव्हा सोव्हिएत राज्य होतं. एका शाळेतले खोल्या गरम ठेवायचे जुने नळ मोडीत निघाले आणि कारखान्यात वितळायला आले. तिथल्या कादिर उस्तांनी, म्हणजे कादिर उस्तादांनी, ते पाहिलं आणि जेवणाच्या सुट्टीत गुपचूप साचा केला. सरकारचं लोखंड, सरकारची भट्टी, सरकारच्या पगाराची वेळ आणि त्यातून निघाले मी, उस्तांच्या खासगी मालकीची. तेव्हा माझ्याकडून कुणी प्रामाणिकपणावर प्रवचनाची अपेक्षा ठेवू नये.

उस्तांनी मला डोक्यावर उपडी घातलं आणि सरळ फाटकातून बाहेर निघाले. पहारेकऱ्याने हटकलं, "उस्ता, हे काय?"

"टोपी," उस्ता म्हणाले. "ऊन किती आहे!"

पहारेकऱ्याने मान डोलावली. पुढच्या आठवड्यात तो आमच्याकडे जेवायला होता.

उस्तांनी मला मीठ टाकून भाजलं, मेंढीच्या शेपटीची चरबी चोळून काळीभोर केली आणि आपल्या गपला अर्पण केलं. गप म्हणजे मित्रांची बैठक. आज याच्या घरी, पुढच्या वेळी त्याच्या घरी, असं पाळीपाळीने जमायचं, पुलाव खायचा, हिरवा चहा प्यायचा आणि जगाची उणीदुणी काढायची. नाव गप असलं तरी तिथे कुणीही गप बसत नाही. मी त्या बैठकीची सामाईक कढई. ज्याची पाळी, त्याच्या घरी मी आदल्या दिवशी पोहोचायचे. बायका मला बघून कपाळाला हात लावायच्या आणि पुरुष मिशीला.

उस्ता गेले. त्यांची जागा त्यांच्या मुलाने, महकमने घेतली. महकम कांदे-गाजरांचा व्यापारी, पोट सुटलेला, मनाने मऊ. त्याला दोनच गोष्टी जमायच्या नाहीत. एक म्हणजे नाही म्हणणं, आणि दुसरी म्हणजे कुणाच्याही आधी दारातून आत जाणं. आमच्याकडे दारातली भीड सगळ्यांनाच असते. "या, तुम्ही आधी." "छे, तुम्ही उजव्या हाताला आहात, तुमचा मान." असं दोन-तीनदा झाल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही, आणि तोवर माझ्यातला भात निवत असतो. पण महकमचं जरा जास्तच होतं. तो एकदा मांजरासाठी दारात थांबलेला मी पाहिलाय.

महकमच्या वेळच्या गपमध्ये चौघे होते. चौघेही गावातल्या बालवाड्यांना भाजीपाला पुरवणारे. म्होरक्या हमरोकुल आका. आका म्हणजे थोरला भाऊ. नात्याने कुणाचे नसले तरी वयाने आणि आवाजाने ते सगळ्यांचे आका होते. दुसरा शेरकोझी, कोबीवाला, दिवसातून तीनदा झोपणारा. तिसरा दावलत, वयाने सर्वांत लहान. तो कोरियातल्या कारखान्यात राबून परत आला होता, आणि तिथून त्याने एक लॅपटॉप आणि घाई आणली होती. चौथा आपला महकम.

पूर्वी ठेके कचेरीतल्या कुणाच्या तरी मेहुण्याला मिळायचे. मग सरकारने टेंडर ऑनलाइन केलं. जो सर्वांत कमी भाव भरेल त्याला ठेका. चौघेही खूश झाले आणि लगेच एकमेकांचे गळे कापायला लागले. दावलतने गाजराचा भाव पाडला, महकमने त्याहून पाडला, शेरकोझीने झोपेत काहीतरी भरलं ते सर्वांत कमी निघालं, आणि वर्षभर तो आपल्या खिशातून कोबी पुरवत बसला.

तेव्हा एका गुरुवारी आकांनी माझ्या काठावर झारा आपटला. "एका कढईत हात घालणाऱ्यांनी एकमेकांच्या पोटावर पाय द्यायचा? लाज वाटत नाही?"

"मग करायचं काय, आका?" महकमने विचारलं.

"करायचं काय म्हणजे? पाळी आहे ना आपली? कढई ज्याच्या घरी, ठेका त्याचा. बाकीच्यांनी त्याच्यापेक्षा चढा भाव भरायचा. त्यात अवघड काय आहे?"

अवघड काहीच नव्हतं. खोटं का बोलू, मी फुगून गेले. कालपर्यंत मी नुसती भात शिजवत होते, आज मी ठेके वाटत होते. त्या दिवसापासून गुरुवारी पुलाव खाऊन झाला की दस्तरखानावर, म्हणजे जेवायला पसरलेल्या कापडावर, लॅपटॉप यायचा, आणि दावलत चरबीच्या बोटांनी चौघांचेही भाव भरून टाकायचा. यजमानाचा कमी, इतरांचा चढा. सगळे एकत्र बसलेत, गरमागरम काम उरकतंय, मग आपापल्या घरी जाऊन भरायचा खटाटोप कोण करतो?

आकांचा टीव्ही जगभरच्या बातम्या दाखवायचा. त्यात त्यांनी ऐकलं की हल्ली असल्या चौकशा फोनमधूनच होतात. व्यापाऱ्यांचे संदेश वाचतात, पुसलेलेसुद्धा परत काढतात. मग नवा नियम निघाला. बोलणी सुरू करण्याआधी मला धुऊन कोरडं करायचं, चौघांचे फोन माझ्यात टाकायचे आणि वर जड झाकण. "बिडातून काही बाहेर जात नाही," आका म्हणाले. त्या फोनांबरोबर अंधारात पडून राहण्याचा मला फार कंटाळा यायचा.

या सगळ्यात एकच माणूस खूश नव्हतं. महकमची बायको, अनोरखान. ती बालवाडीत स्वयंपाकीण होती. बालवाडीचे पैसे तेवढेच, भाव वाढलेला, म्हणून पोती कमी येत होती. मी त्यांच्या घरी असले की संध्याकाळी ती आल्यावर कान टवकारून बसायचे.

"अहो ओयदिनचे बाबा," ती म्हणायची, कारण ओयदिन त्यांची मुलगी, "आज सुपात गाजर शोधायला मुलांना भिंग द्यायची वेळ आली होती."

"उन्हाळा आहे. माल कमी आहे."

"माल कमी? तुमच्या वखारीत गाजरं सडून वास सुटलाय. एका पोरीने आज विचारलं, हे सूप आहे का हात धुवायचं पाणी? ती पोरगी तुमचीच होती."

महकम पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचा. त्याला वाईट वाटायचं, हे मला ठाऊक आहे. पण वाईट वाटण्यापलीकडे तो काही करायचा नाही. आकांना नाही कोण म्हणणार?

आणि मग छापा पडला.

त्या आठवड्यात पाळी महकमची होती. सकाळी चहाच्या वेळी त्याचं दार वाजलं. मक्तेदारीविरोधी कचेरीच्या सबोहत ओपा, सोबत दोन तरुण आणि एक प्रिंटर. ओपा म्हणजे ताई. ही ताई अंगाने बारीक, चष्मेवाली आणि बोलायला अतिशय गोड होती, त्यामुळे महकमला आणखी घाम फुटला. त्याच वेळी उरलेल्या तिघांच्या घरीही अशीच माणसं उभी होती.

आमच्याकडे पाहुणा कुठल्याही कारणाने आला तरी आधी चहा. अनोरखानने दस्तरखान पसरला, नान मोडून ठेवले, मध, अक्रोड, जर्दाळू मांडले.

"ओपा, आम्हाला तुमच्याकडचं काहीच घेता येत नाही," सबोहत म्हणाली.

"चहासुद्धा नाही?"

"कायदा आहे."

"कसला मेला कायदा! घर उपसा, कपाटं उलटी करा, हवं तर नवऱ्यालाही घेऊन जा. पण माझ्या घरून कुणी कोरड्या तोंडाने गेलं असं गावात झालं, तर मी तोंड कुठे दाखवू?"

सबोहतने अवघडून आपल्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि एक घोट घेतला. पाहुणीने पाणी घरून आणावं, हे अनोरखानला छाप्यापेक्षा जास्त लागलं.

महकमने मनाचा धडा करून सांगितलं, "फोन बघा हवा तर. त्यात काही नाही."

"तेच तर," सबोहत म्हणाली. "तुमचे चौघांचे फोन दर गुरुवारी एकाच वेळी मुके होतात आणि एकाच वेळी जागे होतात. इतके शिस्तीचे फोन मी कुठे पाहिले नाहीत, महकम आका. आणि नेमके तेव्हाच चौघांचेही भाव भरले जातात, तेसुद्धा एकाच घरच्या इंटरनेटवरून. कधी तुमच्या, कधी हमरोकुल आकांच्या. ज्याच्या घरून भरले, ठेका त्याचा. हल्ली आम्ही माणसं मागे लावत नाही. टेंडरं संगणकाला चाळायला देतो. त्याने लगेच बोट ठेवलं."

महकमने जर्दाळूची ताटली तिच्याकडे सरकवली. तिने ती परत सरकवली.

"मला एकच कळत नव्हतं. गुरुवारच का? रात्रंदिवस डोकं खाजवलं. शेवटी आमचा शिपाई म्हणाला, ओपा, तुम्ही जेवता तरी का? गुरुवारी पुलाव असतो." ती उठून माझ्यापाशी आली, वाकून आत बघितलं आणि माझा फोटो काढला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी माझा फोटो काढत होतं. पोट आत घ्यावं असं मला फार वाटलं, पण बिडाचं कुठलं आत जायला.

जाताना ती दारात थांबली. "एक सांगून ठेवते. चौघांनाही सांगितलंय. जो कचेरीत येऊन सगळ्यात आधी खरं सांगेल, त्याला पूर्ण माफी. दंड नाही, काळ्या यादीत नाव नाही. दुसऱ्याला अर्धा दंड, यादीतून सुटका. तिसऱ्या-चौथ्याला काहीच सवलत नाही. दंड पूर्ण आणि टेंडर बंद. कचेरी उद्या सकाळी उघडते. इथे तोंडी सांगून चालत नाही."

टेंडर बंद म्हणजे महकमची वखार बंद. उस्तांनी कारखाना सुटल्यावर घाम गाळून उभी केलेली वखार, तिच्या जिवावर चाललेलं घर. महकमच्या डोळ्यांसमोर ते सगळं उभं राहिलेलं मला दिसत होतं.

दुपारी आकांनी चौघांना महकमच्या द्राक्षांच्या मांडवाखाली बोलावलं. पुलाव नव्हता. एक नान घेऊन आका मधोमध उभे राहिले.

"एकमेकांच्या आधी पळत जायचं, म्हणजे सुटका. बघा, कसा कुत्र्यांचा खेळ मांडलाय! आपण कुत्री आहोत का?"

"नाही, आका," तिघे म्हणाले.

"मग घ्या शपथ. कुणी कचेरीची पायरी चढायची नाही."

चौघांनी एकाच नानाचा तुकडा मोडून तोंडात घातला. भाकरीची शपथ म्हणजे आमच्याकडे थट्टा नव्हे. ती मोडणाऱ्याच्या हातचं लोक पाणी पीत नाहीत. शेरकोझीच्या डोळ्यांत तर पाणी आलं. दावलत चावताना घड्याळ बघत होता, एवढं मात्र माझ्या लक्षात राहिलं.

संध्याकाळी अनोरखान गाजरं किसत बसली होती.

"मग? खाल्लीत भाकरी?"

"खाल्ली."

"पोटात राहिली?"

महकम खाली सांडलेला गाजराचा कीस वेचायला लागला.

"हे बघा," तिने किसणी बाजूला ठेवली. "तुम्ही भाकरीची शपथ घेतलीत. आणि त्या पोरांच्या तोंडची भाकरी पळवताना कुणाची शपथ घेतली होती? आकांचं सगळं ठीक आहे, त्यांचे ट्रक आहेत, जमीन आहे. आपली ही एक वखार. उद्या सकाळी जा. सगळ्यांच्या आधी जा. आणि ही कढई घेऊन जा."

"कढई कशाला?"

"नुसत्या तुमच्या तोंडावर कोण विश्वास ठेवणार?"

मग ती मऊ आवाजात म्हणाली, "एकदाच. आयुष्यात एकदाच कुणाच्या तरी आधी आत जा."

सकाळी कचेरी उघडायच्या कितीतरी आधी आमची छोटी पांढरी गाडी तिथे उभी होती. माझ्यामुळे मागचं दार लागत नव्हतं, ते सुतळीने बांधलं होतं. त्यामुळे पुढचं सगळं मी या डोळ्यांनी पाहिलं, डोळे नसले तरी. महकम बंद दारासमोर उभा होता, एकटा. पहिला. माझ्या मनात आलं, चला, पोरगं सुटलं.

आणि मागून खोकला ऐकू आला. तो खोकला मी तीस वर्षं ऐकत आलेय.

हमरोकुल आका. नवी टोपी, इस्त्रीचा अंगरखा, काखेत कागद.

आकांनी कागद पाठीमागे लपवला.

"तू इथे?" आकांनी विचारलं.

"सहज, आका. तुम्ही?"

"मीही सहज. कंबर धरली होती. म्हटलं जरा चालून यावं."

"चांगलं असतं चालणं."

"फार चांगलं."

आता दोघे आमनेसामने आले म्हटल्यावर विचारपूस आलीच. तब्येत कशी? घरचे बरे? पोरं बरी? मेंढ्या? धाकट्या जावयाचा पाय? महकमच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो आकांच्या जावयाच्या पायाची मनापासून चौकशी करत होता. एवढ्यात आतून कडी निघाली. पहारेकऱ्याने दार उघडलं.

महकमचा पाय उचलला गेला. मी गाडीत श्वास रोखला. आणि मग तो पाय जिथल्या तिथे खाली आला, महकम बाजूला झाला, छातीवर हात ठेवला आणि जन्मभर म्हणत आला तेच म्हणाला, "या आका, तुम्ही आधी."

माझ्यात पाणी असतं तर उकळलं असतं.

आकांनाही आत जायचंच होतं. त्यांचेही डोळे दारावर खिळले होते. पण म्हणून लगेच आत घुसतील तर ते आका कसले? "छे छे. तू आधी आलास."

"असं कसं? तुम्ही मोठे."

"अरे, तू उजव्या हाताला आहेस. मान तुझा."

"मी इकडे सरकतो, आका. आता उजव्या हाताला तुम्ही."

तेवढ्यात रस्त्यावरून धावत दावलत आला, "माफ करा हं, आका" म्हणाला आणि दोघांच्या पसरलेल्या हातांखालून वाकून आत शिरला. आतून त्याचा आवाज ऐकू आला, "सबोहत ओपा, मी पहिला!"

कोरियात माणसाला हे शिकवतात.

दोघे हात तसेच धरून उभे होते. मग आका हसायला लागले. आधी हळू, मग इतकं की पायरीवर बसले आणि टोपीने डोळे पुसायला लागले. "भाकरी खाल्ली होती त्याने. एवढा मोठा तुकडा."

"आपणही खाल्ली होती, आका," महकम म्हणाला.

"हो की."

आका उठले. दुसरी जागा अजून शिल्लक होती. अर्धा दंड, पण यादीतून सुटका. दोघांनाही ते ठाऊक होतं आणि दोघांनीही त्याचं नाव काढलं नाही. आकांनी दाराकडे हात केला. "जा. आत जा."

"आका, तुम्ही मोठे."

"मोठा आहे म्हणूनच सांगतोय. जा म्हटलं ना."

आणि महकम गेला. खाली मान घालून, पण गेला. मला अनोरखानचा कालचा आवाज आठवला आणि इतका आनंद झाला की सुतळी तुटेल असं वाटलं. आका तसेच उभे होते, दाराकडे केलेला हात तसाच हवेत. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा नीट वाचता आलं नाही. मला वाटलं, हा त्याग असणार. त्याग मी कधी जवळून पाहिलेला नव्हता.

निकाल लागला तो असा. दावलत साफ सुटला. महकमला अर्धा दंड, वखार वाचली. आकांना पूर्ण दंड, नाव काळ्या यादीत, टेंडर बंद. शेरकोझीलाही तेच. तो त्या सकाळी घरी झोपला होता. चौघांत शपथ पाळणारा तो एकटाच, आणि कायद्याने त्याला त्याचं व्यवस्थित बक्षीस दिलं.

मी पुरावा म्हणून जप्त झाले. कचेरीच्या अडगळीच्या खोलीत मोडक्या संगणकांशेजारी मला ठेवलं. तिथल्या झाडूवालीने माझ्यात ओली फडकी टाकली. तेल नाही, आग नाही, वर ओली फडकी. माझ्या पोटाला गंज चढला. जे शिजवण्यासाठी जन्माला आलं, त्याला नुसतं दाखवायला ठेवण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. खटला संपला तेव्हा सबोहतने मला परत पाठवलं. पावतीवर सही घेतली, आणि महकमने आग्रह केला तरी चहाला थांबली नाही. जाताना मात्र तिने हलकेच विचारलं, "महकम आका, पुलावात हरभरे तुम्ही घालता का?" तिलाही भूक लागत असावी.

अनोरखानने मला वाळूने घासलं, मीठ टाकून भाजलं, चरबी पाजली. माझ्यात पुन्हा जीव आला. बालवाडीत आता गाजरांची पोतीच्या पोती येतात, म्हणजे ती रोज बोटं चोळत घरी येते. "तुमची चोरी होती तेव्हा निदान सोलायला कमी होतं," ती महकमला ऐकवते. तो कधी नव्हे तो हसतो.

पण गुरुवारी तो हसत नसे. वकिलाने बजावलं होतं, एकाच धंद्यातल्या माणसांनी एकत्र बसायचं नाही, बोलायचं नाही, एका ताटात तर मुळीच जेवायचं नाही. गप मोडली. गुरुवारी महकम मांडवाखाली एकटा बसे आणि माझ्याकडे बघत राही. त्याच्या मनाला एकच गोष्ट खात होती. आकांनी वाट दिली, आणि आपण घेतली. आकांनी आपल्यासाठी स्वतःचं घर पणाला लावलं. त्यांचे दोन ट्रक विकले गेले तेव्हा तो दोन दिवस जेवला नाही. रोज त्यांच्या दारात टरबूज ठेवून, दार न वाजवता परत यायचा.

एका गुरुवारी दार वाजलं. हमरोकुल आका, हातात तेच टरबूज.

"हे सडायला लागलंय," ते म्हणाले. "इतकी टरबुजं आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी खाणार कशी?"

महकमने आधी गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. "आका, वकील म्हणतो..."

"काय म्हणतो? धंद्यातल्या माणसांनी एकत्र बसायचं नाही? अरे, माझा धंदाच बंद केलाय त्यांनी. मी आता कुणाचा स्पर्धक उरलेलो नाही. तुझ्याकडे जेवायला मला सरकारनेच मोकळं सोडलंय. अनोरखान, चूल पेटव."

चूल पेटली. चरबी तडतडली, कांदा लाल झाला, गाजर पडलं, मांस पडलं. कितीतरी दिवसांनी मी माणसांत आले. दोघे जेवायला बसले. शेवटी महकमने हातातला घास खाली ठेवला.

"आका, एक विचारू? त्या दिवशी दारात तुम्ही मला जा म्हणालात. स्वतःचं सगळं सोडून. का?"

आकांनी बोटं चाटली. चहा ओतून घेतला. एक घोट घेतला.

"अरे गाढवा," ते म्हणाले, "मला काय माहीत तू जाशील? जन्मभर दारात तीनदा नाही म्हणत आलास. मी म्हटलं, तिसऱ्यांदा नाही म्हणशील, मग मी आत जाईन. आणि तू गेलास!"

अनोरखानच्या हातातून झारा पडला. ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. आका हसले, आणि महकम आधी रडला आणि मग हसला. जे टरबूज सडलंय असं आका म्हणत होते ते अनोरखानने कापलं, तर आतून लालभडक, चांगलं गोड निघालं.

आका खरं बोलले, की महकमच्या मनावरचं ओझं उतरवायला खोटं बोलले, हे मला आजवर कळलेलं नाही. ज्या माणसाचं टरबुजाबद्दलचं बोलणं खोटं निघालं, त्याच्या दुसऱ्या बोलण्याचं काय सांगावं? अनोरखान म्हणते खरंच बोलले. महकम म्हणतो खोटं. दोघांचं त्यावरून अजून भांडण होतं.

आता मी मांडवाखाली असते. गुरुवारी आका येतात, शेरकोझीही येतो, जेवून तिथेच झोपतो. गाजराचा भाव कुणी काढत नाही. कुणी चुकून काढलाच तर अनोरखान झारा उगारते. माझं तुमच्याकडे मागणं फार नाही. काम झालं की मला धुवा, पुसा, तेलाचा हात फिरवा. माझ्यात भात टाका, मांस टाका, हरभरे टाका. फोन मात्र टाकू नका. आणि आता या जेवायला. दारात कुणी "तुम्ही आधी" म्हणालं, तर कृपा करून या हो आत. भात निवतोय.